महागांवच्या वाटा



गांवाला थोरवी कशानें येते, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. घरें पुष्कळ, बाजार मोठा, शाळा व कचेऱ्या जवळ, म्हणजे गांव मोठें, असें उत्तर कोणीही चटकन् देईल. परंतु हीं सारीं मोठेपणाचीं लक्षणें झालीं; मोठेपणाचें कारण त्यांत सांपडत नाहीं. घरें तेथेंच कां वाढलीं आणि बाजार तेथेंच कां भरूं लागला, हें शोधूं गेल्यास गांवाबाहेर पडून नदीच्या कांठीं आणि वाटांच्या तिठ्यावर जाऊन उभें राहावें लागतें. यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागांतील महागांव ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. थोरवी त्याच्या नांवांतच आहे. ह्या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत आणखीही आहेत. कोल्हापूर जिल्ह्यांतील गडहिंग्लज तालुक्यांत एक महागांव आहेच. पण पूस नदीच्या खोऱ्यांतील ह्या महागांवाला मोठेपण दिलें तें त्याच्या वाटांनीं. आणि तें टिकणें न टिकणें हेंही त्या वाटांवरच अवलंबून आहे.

नदी सर्वत्र सारखीच ओलांडतां येत नाहीं. कोठें डोह असतो, कोठें उभी दरड, कोठें रुतविणारा चिखल. जेथें तळ कठीण, पात्र रुंद आणि पाणी उथळ, तेथें माणूस व बैल पार होतात. त्या जागेस उतार म्हणतात. आसपासच्या दहा गांवांच्या वाटा त्या उताराशीं येऊन मिळतात. मग तेथें मुक्काम पडतो, चारा विकला जातो, लोहार आपला भाता मांडतो, वाणी दुकान थाटतो, आणि क्रमाक्रमानें वस्ती वाढते. हा नियम केवळ वऱ्हाडचा नाहीं. इंग्लंडांत थेम्स नदीच्या कांठीं असलेल्या ऑक्सफर्ड ह्या नांवाचा मूळ अर्थ बैलांचा उतार असा आहे. जर्मनींतील फ्रँकफुर्ट हें नांवही फ्रँक लोकांच्या उतारावरून पडलें. तेथील विद्यापीठ आणि पेढ्या मागाहून आल्या. त्याआधीं माणसें आणि गुरें पाण्यांतून पार झालेलीं होतीं.

पूस नदी तशी मोठी नाहीं. वाशीम जिल्ह्यांत काटा गांवाजवळ, अजिंठ्याच्या डोंगररांगेंत, तिचा उगम होतो. तेथून आग्नेयेकडे वाहात ती पुसद शहरावरून महागांव तालुक्यांत येते आणि हिवरा येथें पैनगंगेस मिळते. त्या गांवास लोक हिवरा संगम म्हणूनच ओळखतात. पैनगंगाही अजिंठ्याच्याच डोंगरांत, पण बुलढाणा जिल्ह्यांत, उगम पावलेली. मोठमोठीं वळणें घेत ती पुढें वर्धा नदीस मिळते, आणि हें सारें पाणी शेवटीं गोदावरीच्या वाटेनें पूर्व समुद्रास जातें. सागवान व पळस यांचीं रानें अंगावर वागविणाऱ्या सपाट माथ्याच्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशीं पूसेच्या गाळाची काळी पट्टी, आणि त्या पट्टीच्या टोंकाशीं पैनगंगेचें विस्तीर्ण पात्र, अशी ह्या प्रदेशाची ठेवण आहे.

ह्या टेकड्यांचा काळा पाषाण म्हणजे प्राचीन काळीं लाव्हारस थिजून झालेला बेसाल्ट खडक होय. तो झिजून कापसाची काळी माती बनते. ही माती कुणब्याची लक्ष्मी आणि गाडीवानाची वैरीण. उन्हाळ्यांत तिला हात जाईल अशा भेगा पडतात. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले कीं ती फुगते, चिकट होते, चाकाच्या आऱ्यांत भरून बसते, आणि बैल गुडघे टेकतात. जिल्ह्याचें वार्षिक पर्जन्यमान नऊशें ते अकराशें मिलिमीटरांच्या आसपास आहे, आणि त्यांतील बहुतेक पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत पडतो. पक्क्या सडका होण्यापूर्वीं ह्या चार महिन्यांत दूरच्या वाटेला बंडी जुंपणें म्हणजे हातानें बैल मारणें, अशी स्थिति होती. कापसाची विक्री, लग्नकार्यें, यात्रा हे सारे व्यवहार दिवाळीनंतर सुरू होत आणि मृगाच्या आंत आटोपते घेतले जात. चातुर्मासांत प्रवास वर्ज्य हें शास्त्रवचन ज्यांनीं कधीं ऐकलें नव्हतें, त्यांनाही तें ह्या मातीनें शिकविलें होतें.

अशा मुलखांत चाकाच्या आधीं वाहतूक चाले ती बैलाच्या पाठीवरून. बंजारा समाजाचें तें पिढीजात काम. धान्य आणि मीठ गोण्यांत भरून, शेंकडों बैल हांकीत, हे लोक दक्षिणेंतील बाजारांना आणि फौजांना रसद पोंचवीत. तांड्याच्या पुढाऱ्यास नाईक म्हणत. नदीस उतार कोठें आहे, चारा कोठें मिळेल, डोंगरांतील कोणतें पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें, हें ज्ञान त्याच्यापाशीं असे. आणि त्या ज्ञानावर शेंकडों जनावरांचें व माणसांचें जीवित अवलंबून असे. एकोणिसाव्या शतकांत सडका झाल्या, आगगाडी आली, आणि हा धंदा बसला. पुसद, महागांव, दिग्रस ह्या भागांतील टेकड्यांच्या आश्रयानें बंजाऱ्यांनीं वस्त्या केल्या आणि शेती धरली. तांडा हा शब्द पूर्वीं चालत्या जथ्याचा वाचक होता. तो आतां एका जागीं स्थिरावलेल्या वस्तीचा वाचक झाला. पुसद तालुक्यांतील गहुलीचे वसंतराव नाईक, जे १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ते ह्याच समाजाचे. ज्यांनीं एके काळीं दक्षिणेच्या वाटा घडविल्या, त्यांच्या वस्त्या मात्र पुष्कळदां वाटेपासून दूर, नाल्यापलीकडे वसल्या. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढील सारा विषय तिच्याशीं निगडित आहे.

महागांवच्या वाटांना दुसरी एक अडचण होती. ती निसर्गाची नव्हती, राज्यकर्त्यांची होती. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, आणि १९०२ मध्यें तो प्रांत कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे गेला. ह्या भागांत वऱ्हाडची सीमा पैनगंगेनें ठरली. त्यामुळें महागांव, उमरखेड आणि पुसद इंग्रजी अंमलांत, तर नदीपलीकडील माहूर, हदगांव आणि नांदेड हैदराबाद संस्थानांत, अशी वांटणी झाली. दोन्ही कांठांवर भाषा एक, पीक एक, सोयरीक एक, कुलदैवत एक. पण कायदा निराळा, कचेरी निराळी, आणि संस्थानचा हाली सिक्काही निराळा. नदी ओलांडतां येई. सरहद्द ओलांडणें त्याहून अवघड होतें. कचेरीची दिशाही हुकुमासरशीं बदले. महागांव ज्या पुसद तालुक्यांत होतें, तो तालुका आधीं वाशीम जिल्ह्यांत होता. १९०५ मध्यें वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळास जोडला गेला. वायव्येकडे जाणाऱ्या कज्जेदलालांना तेव्हांपासून ईशान्येचा रस्ता धरावा लागला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ आणि मराठवाडा हे दोन्ही विभाग मुंबई राज्यांत आले. १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें. एका शतकानंतर पैनगंगेचे हे दोन कांठ पुन्हां एका राज्याखालीं नांदूं लागले. महागांवच्या भूगोलांतील हा बदल कोणत्याही पुलापेक्षां मोठा होता. तोंपर्यंत हें गांव एका प्रांताच्या कडेला होतें. आतां तें विदर्भ आणि मराठवाडा ह्यांच्या मधल्या वाटेवर आलें. पुढें तें स्वतंत्र तालुक्याचें ठिकाण झालें, आणि आतां तेथें नगरपंचायत आहे.

आगगाडीचा नकाशा समोर ठेवून पाहिल्यास महागांवचें स्थान अधिक स्पष्ट होतें. उत्तरेस भुसावळाहून नागपुरास जाणारा मार्ग आहे; तो १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. पश्चिमेस अकोल्याहून वाशीम व हिंगोलीवरून पूर्णेस जाणारा मार्ग आहे. दक्षिणेस पूर्णेहून नांदेड, मुदखेड आणि किनवट ह्या बाजूनें आदिलाबादेस जाणारा, आणि पूर्वेस वर्ध्याहून बल्लारपुराकडे जाणारा. ह्या चार मार्गांची मिळून एक मोठी चौकट होते, आणि महागांव त्या चौकटीच्या आंत, चारी बाजूंपासून दूर राहतें. मूर्तिजापुराहून यवतमाळापर्यंत अरुंद मापाची एक लहान आगगाडी कापसासाठीं ह्या चौकटींत शिरली. लोक तिला प्रेमानें शकुंतला म्हणत. दारव्ह्यापासून तिचा एक फांटा पुसदेपर्यंतही नेण्यांत आला होता. तो फांटा पुढें उखडला गेला, आणि शकुंतलेची धांवही थांबली.

आतां वर्धा, यवतमाळ, नांदेड असा सुमारें २८४ किलोमीटर लांबीचा नवा रुंद मार्ग आंखलेला आहे. त्यांतील वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं खुला झाला. पुढें दारव्हा, दिग्रस, पुसद आणि उमरखेड ह्या बाजूनें तो नांदेडास न्यावयाचा आहे. तो पुरा झाला कीं ती चौकट मधोमध छेदली जाईल, आणि पुसद किंवा उमरखेड गांठल्यावर महागांवच्या माणसास आगगाडी मिळूं शकेल.

आगगाडी नसल्यानें सारा भार सडकेवर पडला. नागपूरजवळच्या बुटीबोरीहून निघून वर्धा, यवतमाळ, आर्णी, महागांव, उमरखेड, हदगांव, नांदेड आणि लातूर ह्या गांवांवरून तुळजापुरास जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हा महागांवचा कणा आहे. तो चौपदरी करतांना त्याचे जे भाग पाडण्यांत आले, त्यांतील दोन भागांची गांठ महागांवीं पडली. यवतमाळ ते महागांव सुमारें ८० किलोमीटर, आणि महागांव ते वारंगा सुमारें ६७ किलोमीटर. वायव्येस गुंजवरून पुसदेची वाट आहे. धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडून माहूरची वाट आहे. दत्तजयंतीस आणि नवरात्रांत माहूरगडाकडे जाणारे विदर्भांतील भाविक ह्याच बाजूनें जातात. आणि महामार्गाच्या दुसऱ्या टोंकास तुळजापूर आहे. माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी ह्या दोन शक्तिपीठांना जोडणारी ही वाट आहे, असें म्हटलें तर तें चुकीचें ठरणार नाहीं.

नदीचें रूपही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बदललें. पूस नदीवर पुसदेजवळ एक, आणि त्याखालीं महागांवच्या बाजूस दुसरें, अशीं दोन धरणें झालीं. पैनगंगेवर ईसापूर येथें मोठें धरण झालें. खरिपाच्या कापसावर आणि ज्वारीवर जगणाऱ्या शिवारांत कालव्याखालीं गहूं, हरभरा आणि ऊंस दिसूं लागला. गुंजेस साखर कारखाना उभा राहिला. उंसाची वाहतूक कापसासारखी नसते. कापूस महिना दोन महिने घरांत राहूं शकतो. ऊंस तोडला कीं त्याला वेळेवर कारखाना गांठावा लागतो. शेतापासून सडकेपर्यंतच्या वाटेचें महत्त्व त्यानें अधिकच वाढविलें.

येथवर पाहिलें तें महागांवचें भाग्य. परंतु ह्या चित्राची दुसरी बाजूही आहे, आणि ती दरवर्षीं श्रावणांत दिसते. महामार्गावरील मोठे पूल उंच आहेत. त्या मार्गाकडे येणाऱ्या लहान वाटांवर मात्र नाल्यांतून ठेंगणे पूल किंवा नुसते रपटे असतात. रपटा म्हणजे पात्राच्या तळाशीं बांधलेली फरसबंदी. पाणी थोडें असलें तर तें खालच्या नळ्यांतून जातें, अधिक झालें तर वरून वाहतें. बांधण्यास तो स्वस्त, आणि वर्षांतील अकरा महिने सोयीचा. परंतु टेकड्यांच्या उतारावर जोराचा पाऊस झाला, आणि आधींच भिजलेल्या काळ्या मातीनें पाणी जिरविण्याचें नाकारलें, कीं नाला घटकाभरांत चढतो. त्यांत पैनगंगेस पूर असेल तर संगमाकडील पाणी पुढें सरकत नाहीं. तें मागें फुगत येतें. वेगानें वाहणारें पाणी गुडघ्याइतकें झालें तरी माणसाचे पाय उचलतें, आणि दोन फूट पाणी मोटारीस तरंगवूं शकतें. कांठावर उभ्या असलेल्या माणसास तें केवळ गढूळ आणि उथळ दिसतें.

२८ सप्टेंबर १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२१ सालच्या त्याच तारखेस, उमरखेड तालुक्यांत दहागांवच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहात असतां नांदेडहून नागपुराकडे निघालेली एस. टी. मोटार वाहून गेली आणि तींत माणसें दगावलीं. पुढें २२ जुलै २०२३ रोजीं महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांड्यास पुरानें वेढलें. पंचेचाळीस माणसें अडकल्याची वार्ता आली. त्यांच्या सोडवणुकीसाठीं वायुदलाचीं हेलिकॉप्टरें धाडण्यांत आलीं, आणि अखेर आपत्ति-निवारणाच्या पथकांनीं लोकांना सुखरूप बाहेर काढलें. ज्यांच्या पूर्वजांना दक्षिणेंतील उतार ठाऊक होते, त्यांच्या वंशजांच्या तांड्यापर्यंत पोंचण्यास आकाशमार्ग शोधावा लागला. ह्यांत दोष त्यांचा नाहीं. चालता तांडा पाणी चढलें कीं बैल हांकून उंचावर जात असे. स्थिर तांड्याचें घर, धान्य, गुरें आणि मुलांची शाळा एका जागीं असते, आणि त्याला वाट लागते.

म्हणून महागांवच्या दळणवळणाचें मोजमाप यवतमाळास किती तासांत पोंचतां येतें एवढ्यावरून करणें अपुरें ठरेल. तालुक्यांतील शेवटच्या तांड्यांतील बाळंतीण भाद्रपदांत दवाखान्यांत पोंचते कीं नाहीं, आणि नाल्यापलीकडचा मुलगा पावसाळ्यांत किती दिवस शाळेस मुकतो, ह्यावरून तें केलें पाहिजे. महामार्गानें जाणाऱ्या मोटारीस महागांव हें क्षणभर दिसणारें एक नांव आहे. भोंवतालच्या खेड्यांना तें बाजार, दवाखाना, कचेरी आणि शाळा आहे. मोटारी वाढल्यानें गांव मोठें होत नाहीं; खेड्यांना तेथवर येतां आलें तरच होतें.

ह्यावर उपाय अचाट नाहींत. प्रत्येक रपट्याच्या दोन्ही टोंकांस फुटांच्या खुणा असलेला दगड रोंवावा, आणि रपट्याच्या पातळीवरच तांबडी रेघ ओढावी. ती बुडाली कीं कोणीही, कितीही घाई असली तरी, पाण्यांत उतरूं नये. पूर चढूं लागला कीं वाट बंद करण्याचा अधिकार कोणाचा आणि दोरी ओढण्याचें काम कोणाचें, हें प्रत्येक गांवानें पावसाळ्यापूर्वींच ठरवावें. आणि प्रत्येक शाळेंत एक वही ठेवावी. कोणत्या दिवशीं कोणता नाला किती वेळ बंद राहिला, त्यामुळें किती मुलें आलीं नाहींत, एवढेंच तींत मुलांनीं लिहावें. नदीचा भूगोल शिकण्यास ह्याहून चांगला धडा नाहीं. पांच पावसाळ्यांची अशी वही हातांत असली, म्हणजे आधीं कोणता रपटा उचलून उंच पूल करावा, हें सांगण्यास कोणा तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाहीं. आणि मागणी करणाऱ्या गांवाच्या हातीं तक्रारीऐवजीं पुरावा असेल.

पूर्वजांनीं गांवास महागांव हें नांव दिलें, तेव्हां तेथें चौपदरी सडक नव्हती, धरण नव्हतें, कचेरी नव्हती. त्यांना जें मोठेपण दिसलें, तें चहूंकडच्या खेड्यांच्या वाटा तेथें येऊन मिळतात, ह्यांत दिसलें असावें. त्या वाटांपैकीं एकही वाट पावसाळ्यांत पाण्याखालीं अडून राहिली नाहीं, तर त्या नांवाचें चीज झालें असें म्हणतां येईल.